औषधी वनस्पतींतले फिनॉल कसे मोजावेत: पान खुडण्यापासून आकडा हाती येईपर्यंत

ताजं पान मधोमध फाडा, पांढऱ्या कागदावर ठेवा आणि फाटलेल्या कडेकडे बघत राहा. बऱ्याच वनस्पतींत थोड्याच वेळात ती कड तपकिरी होऊ लागते. पेशी शाबूत असते तेव्हा फिनॉलिक संयुगं (वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणारी, द्रव्यं; थोडक्यात 'फिनॉल') मुख्यतः रिक्तिकेत साठवलेली असतात, आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर लवकांमध्ये वेगळं बसलेलं असतं. पेशी फुटली की दोघांची गाठ पडते आणि हवेतला ऑक्सिजन असतोच. फिनॉलचे क्विनोन होतात, क्विनोन एकमेकांना जोडले जातात आणि तपकिरी रंग चढतो. जे मोजायला निघालो तेच डोळ्यांदेखत कमी होत असतं. मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांकडून ही मोजमापं करून घेते. पहिल्या दिवशी यंत्रं, रसायनं काहीही न दाखवता मी त्यांना हे पान दाखवते, कारण पुढचं काम कितीही काटेकोर झालं तरी आकडा बराचसा इथेच ठरलेला असतो.

हे मार्गदर्शन ज्यांच्याकडे साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र), चांगला तराजू, मायक्रोपिपेट आणि थोडी चिकाटी आहे त्यांच्यासाठी आहे. महागडं यंत्र नसलं तरी विश्वासार्ह काम होतं, हे मी अगदी मनापासून सांगते.

आधी प्रश्न नक्की करा

'या वनस्पतीत अँटिऑक्सिडंट आहेत का?' हा प्रश्न विचारूच नका. हिरव्या वनस्पतीत ते असतातच. सूर्यप्रकाशात प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सजीवाला त्यांच्यावाचून चालत नाही. प्रश्न असा हवा: एकाच झाडाच्या सालीत जास्त की पानात? सावलीत वाळवलेल्या नमुन्यात जास्त की ओव्हनमधल्या? पाण्यात केलेल्या काढ्यात जेवढं उतरतं ते अल्कोहोलमध्ये उतरणाऱ्याच्या किती टक्के? असा तुलनेचा प्रश्न असला की साध्या पद्धतींनीही उपयोगी उत्तर मिळतं, कारण दोन्ही बाजूंना पद्धतीच्या त्रुटी जवळजवळ सारख्याच लागू होतात.

वनस्पतीची ओळख पटवून घ्या. फूल किंवा फळासह फांदी दाबून, वाळवून हर्बेरियम पत्रावर चिकटवा आणि वनस्पतीशास्त्राच्या जाणकाराकडून नाव नक्की करून घ्या. नुसतं 'तुळस' लिहून भागत नाही. ऑसिमम वंशात कितीतरी जाती आहेत आणि त्यांचं रसायन वेगवेगळं आहे. कोणता भाग, कोवळा की जून, कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी तोडला, हे तिथल्या तिथे लिहून ठेवा. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी टाका, पण पेन्सिलीने लिहिलेली. मार्करची अक्षरं मिथेनॉलचा एक थेंब पडला की पुसली जातात आणि मग चार तपकिरी भुकट्यांतली कोणती कुठली हे कुणालाच सांगता येत नाही.

वाळवणं आणि दळणं

सगळ्यांत चांगला मार्ग म्हणजे नमुना तोडल्याबरोबर गोठवून निर्वातात सुकवणं. ती सोय नसेल तर पातळ थर पसरून, वारा खेळता ठेवून सावलीत वाळवा, किंवा ४० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ठेवा. ढीग करून कोपऱ्यात ठेवलेली पानं आतून घामेजतात आणि विकरांना हवा तेवढा वेळ मिळतो. थेट उन्हात वाळवणंही मला मान्य नाही, कारण फिनॉलिक संयुगांतली बरीचशी प्रकाशाला नाजूक असतात.

दळताना मिक्सर सलग फिरवू नका. काही सेकंद फिरवा, थांबा, भांडं हाताला गार लागलं की पुन्हा. मग एकाच चाळणीतून सगळे नमुने काढा. जाड कणांतून अर्क हळू निघतो, बारीक कणांतून लवकर. दोन नमुन्यांची भुकटी वेगवेगळ्या जाडीची असेल तर तुम्ही वनस्पतींची नव्हे, दळण्याची तुलना करत आहात.

भुकटीचा एक छोटा भाग वेगळा काढून १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत तापवा. यातून ओलावा कळतो. हा भाग अर्कासाठी वापरायचा नाही. पुढचे सगळे आकडे कोरड्या वजनावर काढायचे आहेत.

अर्क काढणं

कोणताही एक द्रावक सगळी फिनॉलिक संयुगं बाहेर काढत नाही. फिनॉलिक आम्लं आणि शर्करा जोडलेली फ्लेव्होनॉइड (फिनॉलचाच एक मोठा गट) पाणीमिश्रित अल्कोहोलमध्ये छान उतरतात. हिरड्यासारख्या टॅनिनने भरलेल्या नमुन्यासाठी ७० टक्के ॲसिटोन सरस ठरतो. हळदीतलं कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, पण अल्कोहोलमध्ये सहज येतं. सर्वसाधारण सुरुवात म्हणून मी ७० टक्के मिथेनॉल सांगते. मिथेनॉल विषारी आहे, त्याची वाफही. काम फ्यूम हूडमध्ये करा, आणि असा अर्क कुणीही, कधीही, 'जरा चाखून बघू' म्हणून तोंडाला लावायचा नाही. पुढे त्याच अर्कावर जिवंत पेशींचे प्रयोग करायचे असतील तर सुरुवातीपासून इथेनॉल घ्या.

पारंपरिक काढ्याबद्दलच प्रश्न असेल तर मात्र द्रावक पाणीच हवा. मिथेनॉलच्या अर्कावर आकडे काढायचे आणि निष्कर्षात काढ्याचे गुण गायचे, हे मला अजिबात पटत नाही.

कृती अशी. १ ग्रॅम भुकटी झाकणाच्या नळीत घ्या, १५ मिलिलिटर द्रावक घाला, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये किंवा शेकरवर ३० मिनिटं ठेवा. बाथमधलं पाणी तापतं, त्यात बर्फाचे तुकडे टाकून ते ४० अंशांच्या आत राखा. सेंट्रिफ्यूज करा, वरचा द्रव काढून घ्या, आणि तळाच्या चोथ्यात पुन्हा १५ मिलिलिटर. असं एकूण तीनदा. तिन्ही द्रव एकत्र करून ५० मिलिलिटरच्या प्रमाणित चंबूत खुणेपर्यंत भरा. तिसऱ्या वेळचा द्रव अजून गडद दिसत असेल तर चौथी फेरी करा. अर्क गडद रंगाच्या बाटलीत किंवा ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, आणि मोजणी शक्यतो त्याच दिवशी. सॉक्सलेटमध्ये तासन्‌तास उकळवण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. उष्णतेला नाजूक असलेल्या संयुगांसाठी मी ती टाळते.

फोलिन-सिओकाल्टू: निळा रंग कशाचा

ऑटो फोलिन आणि व्हिंटिला सिओकाल्टू यांनी १९२७ साली त्यांच्याच नावाचा हा अभिकर्मक (रंग आणणारं रसायन) प्रथिनांतल्या टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅनसाठी वापरला. १९६५ मध्ये सिंगलटन आणि रॉसी यांनी तो वाइनमधल्या फिनॉलसाठी बसवला, आणि आज आपण करतो ती रीत तिथून आली. पिवळ्या अभिकर्मकात मॉलिब्डेनम आणि टंगस्टनची संयुक्त आम्लं असतात. अल्कधर्मी द्रावणात फिनॉल आपले इलेक्ट्रॉन देतो, मॉलिब्डेनमचं क्षपण होतं (म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळतात) आणि निळा रंग येतो. म्हणजे यंत्र फिनॉल मोजत नाही. ते क्षपण करण्याची ताकद मोजतं. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

प्रमाण म्हणून, म्हणजे तुलनेसाठीचं ज्ञात द्रव्य म्हणून, गॅलिक आम्ल. १०० मिलिग्रॅम गॅलिक आम्ल थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवून पाण्याने १०० मिलिलिटर करा. त्यातून दर मिलिलिटरला २०, ४०, ६०, ८० आणि १०० मायक्रोग्रॅमची द्रावणं बनवा. प्रत्येकी ०.५ मिलिलिटर द्रावण परीक्षानळीत घ्या, दहापट पातळ केलेला अभिकर्मक २.५ मिलिलिटर घाला, हलवा, ५ मिनिटं थांबा, मग ७.५ टक्के सोडियम कार्बोनेट २ मिलिलिटर. क्रम उलटा करू नका: अल्कधर्मी द्रावणात अभिकर्मक स्वतःच विघटित होऊ लागतो, म्हणून त्याची आणि फिनॉलची भेट आधी व्हायला हवी. अंधारात २ तास ठेवून ७६५ नॅनोमीटरवर ॲब्सॉर्बन्स (शोषलेल्या प्रकाशाचं माप) घ्या. या प्रमाणात सगळ्यांत तीव्र द्रावणाचा ॲब्सॉर्बन्स साधारण १ च्या आसपास यायला हवा. अर्कालाही हीच कृती, हाच वेळ. ब्लँकमध्ये (यंत्र शून्यावर आणायच्या नळीत) अर्काऐवजी तेवढाच, तितकाच पातळ केलेला द्रावक.

गॅलिक आम्लाच्या वाचनांचा आलेख काढा आणि अर्काचं वाचन त्यावर बघा. ते आलेखाच्या बाहेर गेलं तर रेघ पुढे ओढू नका. अर्क पातळ करा आणि पुन्हा करा. नळीत पांढुरका गढूळपणा दिसला तर सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव वाचा. गढूळ द्रव प्रकाश विखुरतो आणि यंत्राला तो ॲब्सॉर्बन्सच वाटतो.

हिशेब बघा. समजा वीसपट पातळ केलेल्या अर्काचं वाचन आलेखावरून ४५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आलं. मूळ अर्कात ९००, म्हणजे ०.९ मिलिग्रॅम. अर्क ५० मिलिलिटर, म्हणून एकूण ४५ मिलिग्रॅम. हे १ ग्रॅम भुकटीतून आलं. पण भुकटीत ८ टक्के ओलावा असेल तर कोरडं वजन ०.९२ ग्रॅम, आणि उत्तर ४८.९ मिलिग्रॅम गॅलिक आम्ल समतुल्य प्रति ग्रॅम कोरडं वजन. 'समतुल्य' हा शब्द कधीही गाळू नका. नमुन्यात तेवढं गॅलिक आम्ल आहे असा त्याचा अर्थ नाही.

आता अडचणीची बाजू. क जीवनसत्त्व, क्षपणकारी शर्करा, काही अमिनो आम्लं यांनाही हा अभिकर्मक निळा रंग देतो. आवळ्यासारख्या फळाचा आकडा बघून हुरळून जाण्याआधी त्यातला क जीवनसत्त्वाचा वाटा वेगळा काढायला हवा. त्यासाठी आम्लयुक्त पाण्यातला अर्क सी-१८ च्या छोट्या स्तंभातून सोडतात. शर्करा आणि क जीवनसत्त्व पाण्याबरोबर निघून जातात, फिनॉलिक संयुगं स्तंभावर अडकतात आणि मग मिथेनॉलने उतरवता येतात. आधीचं आणि नंतरचं, दोन्ही वाचनं अहवालात द्या.

फ्लेव्होनॉइडसाठी ॲल्युमिनियम क्लोराइडची पद्धत सोपी आहे: ४१५ नॅनोमीटर, प्रमाण म्हणून क्वेर्सेटिन. पण ती मुख्यतः फ्लेव्होन आणि फ्लेव्होनॉल यांनाच नीट दाद देते. हिरव्या चहातली कॅटेचिनं (फ्लेव्होनॉइडचाच दुसरा एक प्रकार) तिच्या हाती फारशी लागत नाहीत. शिवाय कुर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास स्वतःच जोरात प्रकाश शोषतं. त्यामुळे हळदीचे 'एकूण फ्लेव्होनॉइड' या पद्धतीने काढलेले दिसले की मी तो तक्ता बाजूला ठेवते.

डीपीपीएच: जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत

मला सगळ्यांत आवडणारा भाग हा. डीपीपीएच हा विलक्षण टिकाऊ मुक्त मूलक (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला रेणू) आहे. मिथेनॉलमध्ये त्याचा रंग गडद जांभळा दिसतो, आणि त्याला हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन मिळाला की तो फिकट पिवळा होतो. नळीत क जीवनसत्त्वाचं द्रावण टाकलं की रंग क्षणात उतरतो; टॅनिनने भरलेला अर्क टाकला तर तो आधी झपकन आणि मग रेंगाळत उतरत राहतो, कारण मोठ्या रेणूंना डीपीपीएचमधल्या आत दडलेल्या नायट्रोजनपर्यंत पोहोचायला अवघड जातं. १९५८ साली ब्लोइस यांनी अँटिऑक्सिडंट मोजण्यासाठी याचा वापर मांडला.

३९.४ मिलिग्रॅम डीपीपीएच १०० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये पूर्ण विरघळवा (वेळ लागतो, घाई करू नका) आणि दहापट पातळ करा. हे ०.१ मिलिमोलर द्रावण झालं. त्याच दिवशी बनवा, अंधारात ठेवा. याचे ३ मिलिलिटर आणि अर्काचा १ मिलिलिटर मिसळून ३० मिनिटं अंधारात, मग ५१७ नॅनोमीटरवर वाचन. अर्काऐवजी मिथेनॉल घातलेल्या नियंत्रण नळीचा ॲब्सॉर्बन्स ०.८ ते ०.९ च्या आसपास यायला हवा. बराच कमी आला तर द्रावण जुनं किंवा कमी तीव्र आहे. मिश्रणात पाणी फार झालं तर डीपीपीएच खाली बसतो, म्हणून पाण्यातला अर्क मिथेनॉलने पातळ करूनच घ्या.

अर्काचा स्वतःचा रंग ही इथली हमखास फसवणूक. समजा नियंत्रण ०.८०, नमुना ०.३२. सरळ हिशेबाने ६० टक्के. पण अर्क १ मिलिलिटर आणि नुसतं मिथेनॉल ३ मिलिलिटर अशी वेगळी नळी वाचली तर ती ०.०५ दाखवते. हा अर्काचा रंग आहे, डीपीपीएचचा नाही. तो वजा केला की ०.२७ उरतात आणि उत्तर ६६ टक्क्यांवर जातं. हरितद्रव्य असलेल्या हिरव्या अर्कांत आणि लालसर सालींच्या अर्कांत ही नळी अर्काच्या प्रत्येक संहतीसाठी (तीव्रतेसाठी) लावा.

आयसी-५०, म्हणजे निम्मा डीपीपीएच संपवणारी संहती, काढायला निदान पाच संहती घ्या आणि ५० टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना वाचनं असू द्या. ९० टक्क्यांच्या पुढे वक्र सपाट होतो; तिथले बिंदू सरळ रेषेत ओढूनताणून बसवू नका. आकडा जितका लहान तितकी क्षमता जास्त, हे तक्त्याखाली लिहा.

आणि आता एक पडताळणी, जी मी प्रत्येकाकडून करून घेते. क जीवनसत्त्वाचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू संपवतो. आपल्या नळीत डीपीपीएच ०.०७५ मिलिमोलर आहे, त्याचा निम्मा ०.०३७५. त्यासाठी क जीवनसत्त्व हवं ०.०१८७५ मिलिमोलर, म्हणजे मिश्रणात दर मिलिलिटरला ३.३ मायक्रोग्रॅम, किंवा टाकलेल्या द्रावणात १३.२. तुमचा आकडा याच्या जवळ आला तर तराजू, पिपेट, डीपीपीएच सगळं ठीक आहे. तो ५० किंवा १०० आला तर क जीवनसत्त्वाचं द्रावण शिळं आहे किंवा पातळ करण्याच्या हिशेबात गडबड आहे. आधी ते शोधा, मग अर्काकडे वळा. ३.३ आणि १३.२ यांतला फरक विसरू नका. मिश्रणातली संहती की टाकलेल्या द्रावणातली, हे न लिहिल्यामुळे दोन अहवालांत चौपट तफावत दिसते आणि वाचणारा वनस्पतीला दोष देतो.

डीपीपीएचची एकच पद्धत पुरेशी नाही. तिच्या जोडीला एबीटीएस (दुसऱ्या रंगीत मूलकावरची अशीच चाचणी, ७३४ नॅनोमीटर) घ्या, ती पाण्यातही चालते. किंवा लोहाचं क्षपण मोजणारी फ्रॅप, जी बेंझी आणि स्ट्रेन यांनी १९९६ मध्ये दिली (५९३ नॅनोमीटर, पीएच ३.६). नमुन्यांचा क्रम दोन्हींत सारखा आला तर निष्कर्षाला बळ येतं. वेगळा आला तर तेही लिहा. तो निकालच आहे.

तीन नळ्या म्हणजे तीन नमुने नव्हेत

एकाच अर्काची तीन वाचनं घेतली तर कळतं ते फक्त पिपेट धरणारा हात किती स्थिर आहे. भुकटीतून तीन वेगवेगळे अर्क काढा. वनस्पतींबद्दल काही म्हणायचं असेल तर वेगवेगळ्या झाडांवरून नमुने घ्या. काम तिप्पट होतं, आणि ते तसंच व्हायला हवं.

आकडा मोठा आला म्हणून ती वनस्पती मोठं औषध ठरत नाही, हे मी फार आग्रहाने सांगते, कारण असे तक्ते बघून लोक गोळ्या घेतात. पोटात गेलेल्या पॉलिफिनॉलचा थोडाच भाग रक्तात पोहोचतो. आतडं आणि यकृत त्याला ग्लुकुरोनाइड, सल्फेट जोडून बदलून टाकतात, उरलेल्यावर आतड्यातले जिवाणू काम करतात. नळीत डीपीपीएचला भेटलेला रेणू पेशीला त्या रूपात बहुतेकदा भेटतच नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या 'ओरॅक' (अँटिऑक्सिडंट क्षमतेचं नळीतलं आणखी एक माप) आकड्यांची आपली सूची २०१२ मध्ये याच कारणाने मागे घेतली: त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध दिसत नव्हता आणि जाहिरातींत त्यांचा गैरवापर होत होता. धूम्रपान करणाऱ्यांना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिलेल्या फिनलंडमधल्या चाचणीत, जिचे निकाल १९९४ मध्ये आले, फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण घटण्याऐवजी वाढलं. हिरव्या चहाच्या अर्कातल्या ईजीसीजी या कॅटेचिनाबद्दल युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सांगितलं की दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त मात्रा पूरक म्हणून घेतल्यास रक्तातली यकृताची विकरं वाढतात (यकृतावर ताण आल्याची खूण). तेव्हा अहवालात 'या अर्काची डीपीपीएच शमवण्याची क्षमता' असं लिहा. 'कर्करोगावर गुणकारी' असं लिहायला या प्रयोगाने काहीही आधार दिलेला नाही.

अहवालात वनस्पतीचं शास्त्रीय नाव, भाग, तोडणीचा काळ, वाळवण्याची रीत, द्रावक आणि प्रमाण, कोरड्या वजनावरचा आकडा, प्रमाणद्रव्य आणि डीपीपीएचची अंतिम संहती असू द्या. यातलं काही गाळलं तर दुसऱ्या प्रयोगशाळेला तुमचं काम पुन्हा करून बघता येणार नाही. पुढची पायरी एचपीएलसी (अर्कातली संयुगं स्तंभातून वेगवेगळी करून मोजणारी पद्धत): नेमकी कोणती संयुगं ते तिथे कळतं. तुळशीत किंवा रोझमेरीत रोझमरिनिक आम्ल, सालींत कॅटेचिन, असे अंदाज बांधून प्रमाणद्रव्यं आधीच मागवून ठेवा, ती यायला वेळ लागतो.

काम संपलं की फोलिनच्या नळ्यांतला निळा द्रव बेसिनमध्ये ओतू नका. त्यात टंगस्टन, मॉलिब्डेनम आणि लिथियमचे क्षार असतात. त्याची वेगळी बाटली करा. डीपीपीएच आणि मिथेनॉलची वेगळी, ज्वलनशील असं लिहिलेली, ज्योतीपासून दूर. क्युव्हेट मिथेनॉलने, मग पाण्याने धुऊन उलटी ठेवा. टॅनिनचा तपकिरी थर काचेवर बसला तर तो पुढच्या वेळी ब्लँकमध्येच ॲब्सॉर्बन्स दाखवतो.